वैनगंगेच्या गाळाची नोंद कोण ठेवणार?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या पाण्याचा आहे आणि त्या पाण्याखाली बसलेल्या चिखलाचा आहे.

२४ जानेवारी २०२५ ही तारीख भंडारा जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, एलटीपीई विभागाच्या इमारतीत स्फोट झाला. छत खाली आलं. आठ कामगार गेले. आवाज कितीतरी दूरच्या गावांत ऐकू गेला. आम्ही पत्रकारांनी नेहमी करतो तेच केलं: किती गेले, किती जखमी, कोण नेते आले, मदत किती जाहीर झाली. काही दिवस बातमी चालली, मग थांबली.

स्फोटाला तारीख असते, वेळ असते, मृतांची यादी असते. म्हणून तो इतिहासात जातो. पण दारूगोळा बनवणाऱ्या जागेचा आणखी एक इतिहास असतो, ज्याचा आवाज येत नाही. यंत्रं धुतलेलं पाणी, टाक्यांतून सांडलेलं आम्ल, जाळून किंवा उडवून टाकलेल्या जुन्या मालाची राख, यातलं काही ना काही पावसाबरोबर नाल्यात जातं आणि शेवटी कुठेतरी गाळात जाऊन बसतं. युरोप-अमेरिकेत हा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जवाहरनगरच्या कारखान्याने वैनगंगा विषारी केली, असं मी म्हणत नाहीये. पुराव्याशिवाय असं लिहिणं हे पत्रकाराचं काम नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की नदीचं पाणी तपासलं म्हणजे नदी तपासली असं होत नाही. गाळ तपासावा लागतो. तो का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

१९६२ च्या चीन युद्धात आपली दारूगोळ्याची टंचाई उघडी पडली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि त्या दशकात महाराष्ट्रात, त्यातही विदर्भात, एकामागून एक आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. नागपूरजवळ अंबाझरी, चंद्रपूरकडे भद्रावती आणि आपल्याकडे जवाहरनगर. सीमेपासून दूर, मुबलक जमीन, पाणी आणि रेल्वे जवळ, ही त्यामागची सोय. आपल्या कारखान्याचं मुख्य काम प्रोपेलंटचं, म्हणजे गोळी किंवा तोफगोळा पुढे ढकलणाऱ्या दारूचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आला. दोन-तीन पिढ्यांची घरं त्यावर उभी राहिली, पोरं शिकली, ठाणा पेट्रोलपंपचा बाजार वाढला. हे कोणी नाकारू नये.

आता ही दारू म्हणजे काय? कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनतं. ग्लिसरीनवर तशीच प्रक्रिया केली की नायट्रोग्लिसरीन. प्रोपेलंटचा पाया या दोन पदार्थांचा. सोबत डायनायट्रोटोल्युइन (डीएनटी) सारखी इतर रसायनं मिसळली जातात. बॉम्ब आणि तोफगोळ्याच्या पोटात भरतात ती स्फोटकं वेगळी: टीएनटी, आरडीएक्स, एचएमएक्स. ही नावं आपण बॉम्बस्फोटांच्या बातम्यांत ऐकतो. पण ती रसायनंही आहेत आणि न फुटताही शरीराला काहीतरी करतात.

हे पहिल्यांदा कळलं ते कामगारांच्या अंगावरून. टीएनटी १८६३ मध्ये जर्मनीत बनलं ते पिवळा रंग म्हणून. स्फोटक म्हणून त्याचा उपयोग नंतर कळला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत ते भरायला हजारो बाया लागल्या. त्यांची कातडी आणि केस पिवळे पडायचे, म्हणून लोक त्यांना ‘कॅनरी गर्ल्स’, म्हणजे पिवळ्या पाखरासारख्या पोरी, म्हणत. त्यातल्या कित्येक जणी यकृत खराब होऊन, विषारी काविळीने गेल्या. नायट्रोग्लिसरीनच्या कामगारांचं डोकं दुखायचं. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की जास्तच. कारण तो पदार्थ रक्तवाहिन्या सैल करतो. याच गुणामुळे तो हृदयरोग्याच्या गोळीतही वापरतात. आरडीएक्सने तर झटके येतात. एके काळी ते उंदीर मारायलाही वापरलं गेलं.

कारखान्याच्या भिंतीबाहेर काय होतं, हे कळायला आणखी काही दशकं गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने दारूगोळ्याचे कारखाने काढले. टीएनटी भरण्याच्या जागा धुतलेलं पाणी उन्हात आलं की गुलाबी व्हायचं. त्याला ‘गुलाबी पाणी’ हेच नाव पडलं. हे पाणी साध्या मातीच्या खड्ड्यांत सोडलं जाई. नेब्रास्का राज्यात ग्रँड आयलंड शहराजवळचा एक कारखाना असाच. १९८० च्या दशकात लक्षात आलं की खड्ड्यांतलं आरडीएक्स जमिनीखालून सरकत सरकत शहराच्या कडेच्या खासगी विहिरींपर्यंत पोचलंय. घरांना नळाचं पाणी जोडून द्यावं लागलं. मॅसॅच्युसेट्समध्ये सैन्याच्या सराव मैदानाखालच्या भूजलात आरडीएक्स निघालं, म्हणून १९९७ मध्ये तिथला गोळीबाराचा सरावच सरकारी आदेशाने थांबवला गेला.

आणि गाळाचं काय? त्याची सगळ्यात शिकवणारी गोष्ट अलास्कातली आहे. तिथे ईगल रिव्हर फ्लॅट्स नावाची खाडीकाठची दलदल आहे, सैन्याचं तोफांचं सराव मैदान. १९८० च्या सुमारास तिथे दरवर्षी शेकड्यांनी, हजारांनी बदकं आणि हंस मरू लागले. पाण्यात दोष सापडेना. रोग सापडेना. १९९० मध्ये सैन्याच्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या बदकांच्या पोटात पांढरा फॉस्फरस शोधून काढला. धूर करणाऱ्या तोफगोळ्यांतला तो. त्याचे न जळलेले बारीक कण पाण्याखालच्या चिखलात बसले होते. ओल्या, हवा नसलेल्या चिखलात तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. बदकं चोचीने चिखल चाळून दाणे शोधतात. त्यांनी तेच दाणे समजून खाल्ले. उपाय काय सापडला? पंप लावून डबकी उपसायची आणि उन्हाळ्यात चिखल कोरडा होऊ द्यायचा. हवा लागली की फॉस्फरस उडून, जळून संपतो. पाण्याचे नमुने कितीही घेतले असते तरी हे कळलं नसतं.

आता हे सगळं आपल्या भाषेत समजून घेऊ. सगळी स्फोटकं गाळात सारखी वागत नाहीत, आणि अफवा पसरू नयेत म्हणून हे नीट माहीत असणं गरजेचं आहे.

टीएनटी पाण्यात फार विरघळत नाही, लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम. पण मासे आणि चिखलातले किडे यांच्यासाठी ते या कुटुंबातलं सगळ्यात विषारी. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम झालं तरी मासे मरू शकतात. मात्र गाळात गेल्यावर तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात. बदललेलं रूप सडक्या पाल्यापाचोळ्याच्या मातीला घट्ट चिकटतं. मग ते सहज सुटत नाही आणि त्याचा विषारीपणाही बराच कमी होतो. म्हणजे इथे गाळ थोडा राखणदारासारखा वागतो.

आरडीएक्स उलट. ते मातीला फारसं चिकटत नाही. पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीकडे जातं. हवा नसलेल्या चिखलात जिवाणू ते हळूहळू तोडतात, पण उघड्या वाळूत, हवा असलेल्या भूजलात ते बराच काळ टिकतं. म्हणजे टीएनटीचा प्रश्न मुख्यतः गाळाचा आणि आरडीएक्सचा प्रश्न मुख्यतः विहिरीचा. नायट्रोसेल्युलोज तर पाण्यात विरघळतच नाही. कापसाच्या बारीक तंतूंसारखं तळाला बसतं. ते स्वतः फार विषारी नाही, पण साचलं तर तळातल्या जिवांचा श्वास कोंडतं. आम्लातून येणारं नायट्रेट मात्र पाण्यात सहज विरघळतं, शेवाळ आणि जलपर्णी पोसतं. आपल्या तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणींत जे सुरुंग लावतात, तसल्या सुरुंगांच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं आणि न फुटलेलं नायट्रेटही पाण्यातच जातं. नायट्रेट सापडलं तर ते सांडपाण्याचं, युरियाचं की दारूचं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

एक दिलासा असा की ही स्फोटकं पारा किंवा डीडीटीसारखी माशाच्या अंगात साठत साठत वाढत नाहीत. म्हणून ‘वैनगंगेचे मासे खाऊ नका’ असली ओरड करायला काही आधार नाही. ढिवर बांधवांच्या पोटावर पाय देणारी अफवा कोणी पसरवू नये. पण थोडं थोडं विष सतत मिळत राहिलं तर काय होतं, हा प्रश्न उरतोच. तो बाल्टिक समुद्राने दाखवून दिलाय. दोन महायुद्धांनंतर जर्मनीच्या समुद्रात टाकलेला दारूगोळा सुमारे १६ लाख टन आहे. लोखंडी कवचं गंजली, टीएनटी बाहेर यायला लागलं. कील शहराजवळच्या शिंपल्यांत त्याचे अंश सापडले. जर्मन सरकारने आता १० कोटी युरोचा कार्यक्रम घेऊन तो माल उचलायला सुरुवात केलीय. पाण्यात टाकलं म्हणजे संपलं, हा समज त्यांना ८० वर्षांनी भोवला.

आपल्या महाराष्ट्राकडेही याची उदाहरणं आहेत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसं गेली. अग्निशमन सप्ताह आपण त्याच आठवणीत पाळतो. पण डॉकच्या गाळाने ती गोष्ट तिथे संपू दिली नाही. कित्येक दशकांनी गाळ काढताना सोन्याच्या विटा निघाल्या आणि २०११ मध्येसुद्धा एक जिवंत गोळा निघाला. तो लष्कराने निकामी केला.

जवळचं उदाहरण वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचं. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या दारूगोळा भांडाराजवळच्या मैदानावर जुना माल नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. मरणाऱ्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण माल उडवून नष्ट करताना प्रत्येक गोळा पूर्ण फुटतोच असं नाही. अर्धवट फुटलेल्यातून दारूचे तुकडे आणि पूड भोवती पडते. पुढच्या पावसात ती कुठल्या नाल्याने कुठे जाते, ही बातमी कोण करणार?

आता परत भंडाऱ्याला येऊ. आपल्याकडे गाळाचा प्रश्न इतरांपेक्षा मोठा का, याची तीन कारणं आहेत.

पहिलं, गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. आज ३३ दारांच्या त्या धरणामागे वैनगंगा नदी राहिलेली नाही, तलाव झाली आहे. वाहत्या नदीतला बारीक गाळ पुढे निघून जातो. तलावात तो खाली बसतो. कन्हानमार्गे नाग नदीने आणलेली नागपूरची घाण आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते आणि याच पाण्यात थांबते, हे आपण वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. वरून जे काही येईल, मग ते शहराचं असो, शेताचं असो की कारखान्याचं, त्याचं शेवटचं ठिकाण आता हेच.

दुसरं, पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा भंडारा शहरात घुसली. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत काय उरलं होतं? गाळ. फावड्याने काढून लोकांनी तो अंगणात आणि रस्त्यावर टाकला. तळाशी शांत बसलेला गाळ महापुरात उठतो आणि जागा बदलतो.

तिसरं कारण सगळ्यात जवळचं. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मामा तलाव आणि बोड्या यांच्यावर आपलं धान उभं आहे. या तलावांतला गाळ काढून वावरात टाकणं हे आपण पिढ्यानपिढ्या करतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेने त्याला जोर आलाय. योजना चांगलीच आहे, गाळासारखं खत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की लोक गाळपेरही करतात. ढिवर बांधव त्याच चिखलात उतरून शिंगाडे काढतात. म्हणजे आपल्याकडे गाळ तळाशी पडून राहत नाही. तो वावरात येतो, बांधावर येतो, माणसाच्या हातापायांना लागतो. गाळाशी इतका संबंध असलेल्या जिल्ह्यात गाळ तपासल्याशिवाय हलवणं बरोबर नाही, निदान कारखान्याच्या आणि खाणींच्या परिसरात तरी.

‘पाणी तर तपासतातच ना?’ असं कोणी म्हणेल. तपासतात. पण प्रदूषण मंडळाच्या नेहमीच्या नदी-तपासणीत काय पाहतात? विरघळलेला प्राणवायू, बीओडी, आम्लता, मैल्याचे जिवाणू, नायट्रेट आणि असलेच काही घटक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा आहे (लिटरमागे ४५ मिलिग्रॅम), कीटकनाशकांची आहे, शिशाची आहे. टीएनटी आणि आरडीएक्स ही नावं त्या यादीत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने दोन्हींसाठी आयुष्यभर पिण्याच्या पाण्याची सल्ल्याची पातळी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम ठेवलीय. म्हणजे छतावरच्या हजार लिटरच्या टाकीत २ मिलिग्रॅम, मिठाची चिमूटसुद्धा नाही. जे यादीतच नाही ते तपासलं जात नाही, आणि तपासलं नाही की अहवालात सगळं ठीक दिसतं.

‘देशाच्या सुरक्षेचा विषय आहे, यात पडू नका’ असंही काही जण म्हणतील. त्यांना एकच सांगायचंय. वर जेवढं काही सांगितलं, त्यातलं बरंच अमेरिकेच्या सैन्याने स्वतः शोधून काढलंय, स्वतःच्या मैदानांवर, स्वतःच्या पैशाने. त्यामुळे त्यांचं सैन्य कमजोर झालं नाही. कुठला गोळा किती बनतो हे गुपित असू शकतं. गावच्या नाल्यातल्या चिखलात काय आहे, हे गुपित कसं असेल?

म्हणून मागणी छोटी आणि मोजकी ठेवू.

एक, जवाहरनगर परिसरातले नाले, वैनगंगेचे वरचे आणि खालचे टप्पे, कारधा, आंभोऱ्याजवळचं बॅकवॉटर आणि तुलनेसाठी कारखान्यापासून दूरचा एखादा मामा तलाव, इथले गाळाचे नमुने घ्या. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. तपासणीची ठरलेली पद्धत जगात आहे आणि नीरीसारखी राष्ट्रीय संस्था नागपुरात, आपल्यापासून तास-दीड तासावर आहे.

दोन, आसपासच्या विहिरी आणि बोअरवेलमध्ये आरडीएक्स, डीएनटी आणि नायट्रेट तपासा.

तीन, या पट्ट्यातल्या तलावांचा गाळ काढण्याआधी एक नमुना तपासा, मगच तो वावरात जाऊ द्या.

चार, अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. काही सापडलं नाही तर तेही लिहा. लोकांच्या मनातली भीती जायलाही कागद लागतो.

यासाठी नवा कायदा नको. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ मध्येच लिहिलंय की सांडपाण्याला परवानगी देताना घातलेल्या अटींची नोंदवही राज्य मंडळाने ठेवायची आणि त्या सांडपाण्याने बाधित होणाऱ्या माणसाला ती पाहू द्यायची. नाल्याकाठचा शेतकरी, बोडीतला ढिवर, विहिरीचं पाणी पिणारं घर, हे सगळे या व्याख्येत बसतात. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाची भाषा करून द्यायला मी तयार आहे.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. निवृत्त कामगार, ढिवर समाजातले म्हातारे, नाल्याकाठचे शेतकरी, तुमच्या आठवणी लिहून पाठवा. कुठल्या नाल्याचं पाणी कधी रंगीत दिसलं, कुठल्या साली मासे वर आले, कुठल्या बोडीतले झिंगे किंवा मरळ कमी झाले, कुठल्या विहिरीचं पाणी सोडून द्यावं लागलं. कारखान्याच्या आतली माहिती मला नको, ती पाठवूही नका. भिंतीच्या बाहेरचं, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. गाव, नाला आणि साल, एवढं असलं तरी पुरे. नमुने कुठून घ्यायचे, याची यादी त्यातूनच तयार होईल.